थर्टी फर्स्टच्या आठवड्यात घरी बारा माणसं: कुठली वाइन आणायची, कुठली भेट द्यायची?

प्रश्न पुण्याहून एका ताईंनी विचारलाय. थोडक्यात असा: नाताळ आणि ३१ डिसेंबरच्या मधल्या शनिवारी घरी बारा माणसं जेवायला आहेत. चार अजिबात पीत नाहीत, पाच शाकाहारी आहेत, सासूबाई घरातच असणार. बेत कोथिंबीर वडी, पनीर टिक्का, सुरमई फ्राय. मग मटणाचा तांबडा रस्सा, भरली वांगी, मसालेभात. शेवटी गाजर हलवा. नवऱ्याचं म्हणणं, दोन भारी इंपोर्टेड रेड आणू, बाकीचं बघता येईल. शिवाय तीन ठिकाणी वाइन भेट द्यायचीय: नवऱ्याचे साहेब, बंगळूरचा दीर आणि वसईतलं एक ख्रिस्ती मित्रकुटुंब. खर्च हाताबाहेर जायला नको.

नवऱ्याच्या दोन रेडपासूनच सुरुवात करते. बजेटचा मोठा तुकडा तिथे जाणार आहे आणि तुमच्या बेतात त्यांना धड जागाच नाही.

नाशिकला वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये मी बरीच वर्षं काम केलं, आता घरगुती आणि ऑफिसच्या मेजवान्यांसाठी वाइन निवडून देते. काउंटरवर येणाऱ्या आपल्या मंडळींचा पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो, "चांगली रेड कुठली?" रेड म्हणजे खरी वाइन, व्हाइट म्हणजे बायकांसाठी काहीतरी हलकं, आणि फसफसणारी म्हणजे फोटोपुरती, ही समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. भाजलेलं मांस, लोणी आणि चीज असल्या जेवणाला ती थोडीफार लागू पडते. मिरची, चिंच-गूळ, दाण्याचं कूट आणि लसणीवर चालणाऱ्या आपल्या जेवणात ती साफ फसते.

रेडला रंग येतो द्राक्षाच्या सालीतून. सालीबरोबर आणि बियांबरोबर टॅनिन येतं, म्हणजे जीभ कोरडी करणारा तुरटपणा. तिखटाने चेतलेल्या जिभेला हा तुरटपणा फार बोचतो. त्यात अशा रेडमध्ये अल्कोहोल साडेतेरा-चौदा टक्के, आणि अल्कोहोलने मिरचीची आग विझत नाही, वाढते. तांबड्या रश्श्याबरोबर ओकच्या लाकडी पिंपात मुरलेली कॅबर्ने सॉव्हिन्यॉन, म्हणजे अशीच एक भारी रेड, घेऊन बघा. रस्सा नुसता जाळ लागतो, वाइनमधलं फळ गायब होतं आणि उरतं कडू लाकूड. तिखटाला वाइनमधले उतारे दोनच, जराशी गोडी आणि गारवा. दोन्ही भारी रेडमध्ये नसतात.

आता 'इंपोर्टेड'बद्दल. आयात वाइनवर आपल्याकडे सीमाशुल्क वर्षानुवर्षं १५० टक्के होतं, वर राज्याचे कर वेगळे. २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या करारामुळे ऑस्ट्रेलियाच्या ठरावीक किमतीवरच्या बाटल्यांना यात सवलत मिळाली, पण एकंदर चित्र हेच की दुकानात दोन-अडीच हजारांना मिळणारी परदेशी बाटली तिच्या देशात किराणा दुकानातल्या खालच्या फळीवरची असू शकते. तुम्ही पैसे भरता ते कर आणि वाहतुकीचे. उलट महाराष्ट्रात २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आलं आणि इथल्या वाइनला करात सवलती मिळाल्या, त्यामुळे हजाराच्या आगेमागे मिळणाऱ्या नाशिकच्या बाटलीत पैशाला पैसा मिळतो. ही गावाभिमानाची गोष्ट नाही. चार हजारांच्या वरचं बजेट असतं तर मीच तुम्हाला परदेशी बाटली सुचवली असती.

डिसेंबरचा आणखी एक फायदा बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. युरोपात द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उतरतात. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, आणि वाइनची द्राक्षं उतरतात साधारण जानेवारी ते मार्चमध्ये, उन्हाळा तापायच्या आत. म्हणजे लेबलवर चालू वर्ष छापलेली नाशिकची व्हाइट डिसेंबरात नऊ-दहा महिन्यांची असते, ऐन बहरात. दुकानात गेल्यावर व्हाइट आणि रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, यांच्या बाटलीवरचं वर्ष बघा. चालू किंवा मागचं वर्ष असेल तर घ्या. तीन-चार वर्षं जुनी साधी व्हाइट सवलतीत देत असतील तर ती सवलत दुकानदाराच्या फायद्याची आहे. काचेच्या शोकेसमध्ये दिव्याखाली उभी असलेली बाटलीही नको. आतल्या खोक्यातली मागून घ्या, मिळते. झाकण फिरकीचं असलं तर नाक मुरडू नका. ताज्या व्हाइटला तेच बरं, आणि ऐन वेळी कॉर्कस्क्रू शोधत स्वयंपाकघरातले खण उपसावे लागत नाहीत.

तुमच्या घरी पिणारी माणसं आठ. जेवणासकट चार तासांची बैठक धरली तर माणशी अर्धी बाटली पुरते. ७५० मिलीच्या बाटलीत दीडशे मिलीचे पाच ग्लास बसतात. म्हणजे चार बाटल्या, वर दोन राखीव. सहा बाटल्या अशा घ्या: दोन ब्रूट (फसफसणारी), दोन शेनिन ब्लाँ (व्हाइट), एक रोझे, एक शिराझ (रेड). हलव्यासाठी लेट हार्वेस्ट या गोड वाइनची ३७५ मिलीची एक छोटी बाटली वेगळी. आठ माणसांना आठ प्रकार चाखायला देण्याचा मोह होतो, तो आवरा. प्रकार वाढले की प्रत्येक बाटली अर्धी उरते आणि कोणालाच काही नीट लागत नाही.

दोन ब्रूट कशाला, हा प्रश्न नवरा विचारणारच. त्यांना सांगा की सुरुवातीचा सगळा बेत तळलेला आणि खारा आहे. ब्रूट म्हणजे जवळजवळ बिनसाखरेची फसफसणारी वाइन. तिचा आंबटपणा आणि बुडबुडे जिभेवरचं तेल धुऊन काढतात, पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. भज्यांवर लिंबू पिळतो त्यातलाच हा प्रकार. सुरमई फ्राय, कोथिंबीर वडी, चकली, शेव, तळलेले बोंबील या सगळ्यांना एकच वाइन चालते ती ही. माशाबरोबर रेड घेतली की तोंडात लोखंडाची चव येते, तो त्रास इथे नाही. नाशिकला चांगल्या ब्रूट बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून, म्हणजे शँपेनच्याच पद्धतीने बनतात. सुला या वायनरीची आहे, आणि दिंडोरीला शाँदाँची. ही फ्रेंच कंपनी २०१३ पासून इथली फसफसणारी वाइन विकते आहे. लेबलवर फक्त 'स्पार्कलिंग' असेल आणि किंमत फारच कमी असेल तर ती बहुधा गोड निघते. वाईट नसते, पण माशाबरोबर नको.

कोथिंबीर वडीपुरतं बोलायचं तर सॉव्हिन्यॉन ब्लाँ ही व्हाइट तिच्याशी आणखी छान जमते, कारण त्या द्राक्षाला मुळातच हिरव्या मिरचीचा, कापलेल्या गवताचा वास असतो. शाकाहारी मंडळी जास्त असती तर एक शेनिन कमी करून ती घ्यायला सांगितली असती. सुलाने १९९७ मध्ये गंगापूर धरणाजवळ पहिली लागवड केली ती याच दोन जातींची, सॉव्हिन्यॉन ब्लाँ आणि शेनिन. आज नाशिकच्या जवळजवळ प्रत्येक वायनरीकडे या दोन्ही आहेत, त्यामुळे एखादं नाव दुकानात नसलं तर शेजारचं उचला, अडू नका.

तुमच्या बेताची खरी नायिका शेनिन ब्लाँ. आपल्याकडची शेनिन बरेचदा किंचित गोडसर ठेवतात. पेरू, मध, पिकलेलं सफरचंद असा तिचा सूर असतो. चिंच-गुळाच्या, दाण्याच्या कुटाच्या, मध्यम तिखट भाज्यांना ती जशी धरते तशी दुसरी कुठलीच नाही. भरली वांगी, अळूवडी, पनीर टिक्का, डाळिंबी उसळ, काय वाटेल ते. पनीर टिक्क्याबरोबर पुदिन्याची चटणी देणार असाल तर त्यात दही जरा जास्त आणि मिरची जरा कमी घाला, एवढंच. विषय निघालाच आहे तर सांगते, डिसेंबर-जानेवारीत हुरडा पार्टीला जाणार असाल तर गार शेनिनची एक बाटली बरोबर न्या. कोवळ्या ज्वारीची गोडी, गोवऱ्यांचा धूर, लसणाची चटणी आणि गूळ, या चौघांना एकाच वेळी सांभाळणारी वाइन सहसा मिळत नाही, आणि तरी हुरड्याला लोक बिअरच नेतात.

रोझे मसालेभातासाठी. गोडा मसाला म्हणजे दगडफूल, खोबरं, तीळ, लवंग-दालचिनी. उग्र नाही पण भरदार. त्याला व्हाइट जरा हलकी पडते, रेड जड. रोझे मधल्या वाटेने जाते. तोंडली-काजू घातलेला, वरून तूप सोडलेला मसालेभात आणि गार, कोरडी (म्हणजे गोडी नसलेली) रोझे हे जेवण मला कुठल्याही हॉटेलातल्या पाच कोर्सपेक्षा आवडतं.

आता तांबडा रस्सा. कोल्हापूरकरांची माफी मागून सांगते, त्याच्याबरोबर वाइन देऊ नका. कुठलीच. तिखटाचा प्रश्न आहेच, पण त्याहून मोठी अडचण ही की रस्सा स्वतःच पातळ आणि गरम, वाट्या-वाट्यांनी पिण्याचा. एका हातात गरम रस्सा आणि दुसऱ्या हातात गार वाइन, दोन्ही एकमेकांची चव मारतात. तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. एक, मटण सुकं करा. कांदा-खोबरं खरपूस भाजून, तेल सुटेपर्यंत परतलेलं सुकं मटण शिराझला अगदी हवं तसं असतं. चरबीमुळे तुरटपणा मऊ होतो आणि शिराझमधला मिरीचा वास मसाल्याशी जुळतो. तुमची एकुलती एक रेड तिथे उघडायची. दुसरी वाट, रस्साच करायचा असेल तर पांढरा करा. नारळाचं दूध, काजू-खसखस, मटणाचं अळणी पाणी. त्याला शेनिन चालते आणि शार्डने ही व्हाइट मिळाली तर आणखी बरं. तांबड्याशिवाय पाहुणे ऐकणारच नसतील तर खुशाल करा, फक्त त्या वेळी वाइनचे ग्लास बाजूला ठेवून ताक द्या.

सोलकढीचंही तसंच. तिचा आंबटपणा वाइनच्या आंबटपणाशी भांडतो. जेवण संपताना द्या.

गाजर हलव्यासाठी एकच नियम: वाइन पदार्थापेक्षा कमी गोड असेल तर ती आंबट पाणी लागते. ब्रूट आणि हलवा, शँपेन आणि केक, ही चित्रात दिसणारी जोडी जिभेवर भयंकर आहे. लेट हार्वेस्ट म्हणजे द्राक्षं वेलीवर जास्त दिवस ठेवून, साखर वाढू देऊन मग उतरवलेली वाइन. छोटी बाटली पुरते, कारण माणशी पन्नास मिलीच्या वर कोणी घेत नाही. हलव्यात साखर नेहमीपेक्षा थोडी कमी घाला. आणि खरं सांगायचं तर, वाइनमधून हलवा वगळला तरी काही बिघडत नाही. लेट हार्वेस्टबरोबर नुसते तासगावचे बेदाणे, भाजलेले बदाम आणि एखादं निळ्या बुरशीचं चीज ठेवा, हलवा नंतर चहाबरोबर द्या.

याच जोरावर दिवाळीचंही सांगून टाकते, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तोच प्रश्न येतो. फराळातल्या चकली, शेव, कडबोळ्यांना ब्रूट. गोड-आंबट पातळ पोह्यांच्या चिवड्याला शेनिन. अनारशाला लेट हार्वेस्ट. बेसनाच्या लाडवाला काहीही नको, चहा द्या. आणि लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज या दिवसांत बाटली काढू नका. भाऊबीजेनंतरच्या शनिवारी डबे अर्धे रिकामे झालेले असतात आणि घरातली मोठी माणसंही निवांत असतात, तो मुहूर्त चांगला.

वाइन निवडण्याइतकंच महत्त्वाचं काम म्हणजे ती गार करणं, आणि इथे बहुतेक घरांत घोळ होतो. ब्रूट सहा ते आठ अंशांवर, शेनिन आणि रोझे आठ ते दहावर, शिराझ सोळा-सतरावर. फ्रिजमध्ये बाटली गार व्हायला तीन तास लागतात आणि त्या दिवशी तुमच्या फ्रिजमध्ये जागा नसणार, श्रीखंडाचा डबा आणि दही आधीच बसलेलं असतं. त्यामुळे एक मोठी बादली किंवा घमेलं घ्या, निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि दोन मुठी जाडं मीठ. नुसत्या बर्फात बाटलीला बर्फाचे खडे इथे-तिथे टेकतात, पाण्यामुळे गारवा चारी बाजूंनी लागतो, मिठाने पाणी शून्याच्या खाली जातं. वीस-पंचवीस मिनिटांत काम होतं. फ्रीझरमध्ये फसफसणारी बाटली ठेवून विसरलात तर ती फुटते.

रेड 'रूम टेंपरेचरला' द्यायची, हे वाक्य थंड देशातल्या दगडी घरांचं आहे. डिसेंबरात पुण्यात रात्री गच्चीवर बसणार असाल तर शिराझ तशीच चालेल. हीच पार्टी मुंबईत असती तर तिला अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायला सांगितलं असतं. कोमट रेडमध्ये अल्कोहोलच नाकात जातं.

ब्रूट उघडताना बूच उडवू नका. आत पाच-सहा वातावरणांइतका दाब असतो, डोळ्याला लागलं तर गंमत राहत नाही. तारेची जाळी सैल केल्यापासून अंगठा बुचावरच ठेवा, बाटली तिरकी धरा, बूच घट्ट धरून बाटली फिरवा. हलका फुस्स आवाज आला की झालं. ग्लास सगळ्यांना एकाच प्रकारचे, देठाचे, मध्यम आकाराचे असले तरी पुरे. निम्म्यापेक्षा कमी भरा. सरबतासारखा काठोकाठ भरलेला ग्लास कोमट होतो आणि माणूस वेगाने पितो.

न पिणाऱ्या चौघांचं पेयही त्याच ग्लासांत द्या. कोकम आगळ, जरा साखर, चिमूट जिरेपूड आणि वर गार सोडा. रंग असा येतो की रोझे कुठली आणि कोकम कुठलं ते शेजारच्याला कळत नाही. चौघांसाठी प्लॅस्टिकच्या बाटलीतलं कोल्ड्रिंक आणि आठांसाठी काचेचे ग्लास, हा भेद पाहुण्यांच्या लक्षात राहतो. सासूबाईंशी आधी बोलून घ्या. लपवाछपवी केली की संध्याकाळभर सगळेच अवघडतात. बाटल्या स्वयंपाकघरात देवघराजवळ न ठेवता गॅलरीत बादलीत ठेवल्या, जेवणाचं शाकाहारी टेबल वेगळं मांडलं, तर बऱ्याच सासवांचा आक्षेप तिथेच मावळतो. काही जणी घोटभर चाखूनही बघतात. अशांना लेट हार्वेस्ट द्या, ब्रूट नको.

कट्टर शाकाहारी पाहुण्यांपैकी कोणी विचारेल म्हणून: वाइन निवळ करताना काही वायनरी अंड्याचा पांढरा बलक, दुधातलं प्रथिन किंवा माशापासून काढलेला पदार्थ वापरतात. तो नंतर गाळून निघतो, पण वापरलेला असतो. बऱ्याच ठिकाणी हे काम बेंटोनाइट नावाच्या मातीने करतात. ज्यांना ही बाब महत्त्वाची आहे त्यांच्यासाठी लेबल वाचून किंवा वायनरीला विचारून बाटली घ्या.

कायद्याचं आटोपून टाकते. महाराष्ट्रात दारू घ्यायला आणि प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा, वर्षाचा आणि कायमचा असे प्रकार आहेत, दुकानातही मिळतो. २१ वर्षांखालच्या भाच्या-पुतण्यांना 'थोडीशीच' म्हणून ओतू नका. पार्टी घरी न करता सोसायटीच्या हॉलमध्ये करणार असाल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा वेगळा परवाना काढावा लागतो. गाडी चालवण्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम अल्कोहोल एवढी कमी आहे की दोन ग्लासांनी माणूस सहज अडकतो. परतीच्या कॅब आधीच ठरवा.

आता भेटी.

साहेबांच्या बाबतीत दोन गोष्टी आधी काढून घ्या: ते पितात का, आणि कंपनीच्या नियमांत अशी भेट बसते का. दोन्हींचं उत्तर हो असेल तर ब्रूट द्या. आवडनिवड माहीत नसलेल्या माणसाला रेड देणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. फसफसणारी बाटली प्रसंगाची असते, ती कोणाच्याही घरी कधीतरी उघडली जातेच, आणि घरी न उघडता पुढे दुसऱ्याला दिली तरी तिचा मान राहतो. साहेब वाइनचे दर्दी असतील, ग्लास हलवून वास घेणाऱ्यांपैकी, तर मात्र रेड द्या, पण नाव असलेली: अकलूजच्या फ्रातेली वायनरीची सेत्ते, ही सांजोव्हेजे आणि कॅबर्ने या द्राक्षांची जोडी आहे, किंवा ग्रोव्हर वायनरीची ला रिझर्व, कॅबर्ने आणि शिराझची. या वाइन दोन-चार वर्षं ठेवल्या तरी चालतात, म्हणून भेटीला बऱ्या. बरोबर खायचं काही द्यायचं असेल तर महागड्या चॉकलेटचा डबा टाळा, कोरड्या वाइनशी त्याचं पटत नाही. घरच्या भाजणीच्या चकल्यांची बरणी ब्रूटबरोबर दिलीत तर ती भेट साहेबांच्या बायकोच्या लक्षात राहील. पुण्यात चांगलं चीजही मिळतं, एबीसी फार्म्ससारखी जुनी नावं आहेत. एक सौम्य, एक खारट, दोन तुकडे पुरे.

बाटली गाडीत ठेवून दिवसभर फिरू नका. बंद गाडीतल्या उन्हात वाइन शिजते आणि ते बाहेरून दिसत नाही. भेट देताना यजमानांनी ती त्याच वेळी उघडावी अशी अपेक्षाही धरू नका. त्यांनी त्यांच्या जेवणाची जोडी आधीच ठरवलेली असते. तुमच्याकडे कोणी बाटली घेऊन आलं तर तुम्हालाही तेच लागू, 'वा, ही आम्ही निवांत घेऊ' म्हणून आत ठेवता येते.

बंगळूरच्या दिराला कुरिअरने वाइन पाठवायचा विचार सोडा. कुरिअरवाले घेत नाहीत, आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात दारू नेण्याचे नियम वेगळेच आहेत. ते स्वतः नंदी हिल्सच्या पायथ्याशी राहतात म्हणायला हरकत नाही, ग्रोव्हरच्या मूळ द्राक्षबागा तिथल्याच. तुम्ही त्यांना बेदाणे, शेंगदाण्याची चटणी, भाजणीच्या चकल्या असा खाऊ पाठवा, त्यात एक चिठ्ठी घाला की याच्याबरोबर कुठली बाटली घ्यायची, आणि बाटलीचे पैसे ऑनलाइन टाका. त्यांनी ती तिथल्या दुकानातून घ्यायची. चिठ्ठीत 'चकलीबरोबर ब्रूट, बेदाण्याबरोबर लेट हार्वेस्ट' एवढं लिहिलं तरी ती विचार करून दिलेली भेट होते.

वसईकडे जाताना मात्र जरा सांभाळून, कारण तिथे वाइन शिकवायला जाण्यात अर्थ नाही. त्या पट्ट्यातल्या ख्रिस्ती घरांतून नाताळाला घरची वाइन करण्याची चाल आहे, द्राक्षांची, कधी जांभळांची. तुम्हाला परत येताना एक बाटली मिळेल, ती लहान ग्लासांतून घ्या. त्यांच्या टेबलावर काय असेल याचा विचार करून वाइन न्या. इंद्याल, म्हणजे तिथलं मसालेदार मटण, असेल तर त्यात व्हिनेगर, मसाला आणि डुकराच्या मांसाची चरबी तिन्ही भरपूर. त्याला किंचित गोडसर शेनिन किंवा रोझे. फुगे म्हणजे तिथले तळलेले गोल पाव, त्यांनी रस्सा टिपून खाताना गार रोझे फार छान लागते. पण तुम्ही मार्झिपानची मिठाई आणि केक खायला दुपारी जाणार असाल तर लेट हार्वेस्टच न्या. गोव्याच्या मित्रांकडे जायचं असतं तर मी बेबिंक या थरांच्या गोड पदार्थाबरोबर गोव्यातलीच गोड पोर्ट सुचवली असती. तिला शहाणी मंडळी हसतात. बेबिंकेच्या जळकट गुळमट थरांना आणि नारळाच्या दुधाला ती बरोबर पुरी पडते, म्हणून हसू द्या. तुमच्या पार्टीतही एखादा काका 'ती गोड वाली नाही का?' म्हणून विचारणारच. एक स्वस्तातली पोर्ट आणून बर्फ आणि संत्र्याच्या फोडी घालून जगमध्ये ठेवा, काका खूश आणि तुमची शिराझ शाबूत.

उरलेल्या बाटल्यांना झाकण लावून, रेडसकट, फ्रिजमध्ये उभ्या ठेवा. व्हाइट, रोझे आणि रेड तीन दिवस बऱ्या राहतात. ब्रूटसाठी चापाचं घट्ट बूच मिळतं, ते असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत बुडबुडे टिकतात. बाटलीच्या तोंडात चमचा खोचून काही होत नाही. रविवारी सकाळी शेनिन उरली असेल तर ती कढईत जाऊ द्या: लसूण परतून कोळंबी टाका, अर्धा ग्लास वाइन ओतून आटवा, वर मिरी आणि कोथिंबीर.